मेअखेरचा गोवा: दगड कुणीकडे कलतोय?

शुक्रवार – पेडणे, मालपे

मडुरे मागे पडलं की कोकणकन्या दीडेक किलोमीटरच्या एका बोगद्यात शिरते आणि बाहेर पडली की पेडणे. तोवर थिवीला उतरणाऱ्यांची बॅगा काढायची धांदल सुरू झालेली असते, त्यामुळे या बोगद्याकडे कुणी बघत नाही. मी मात्र ठाण्याहून निघालो ते याच्यासाठीच. माझी सगळी नोकरी घाटमाथ्यावरच्या काळ्या दगडात, बेसाल्टमध्ये गेली. तिथे लाव्हाचे थर जवळपास आडवे पडलेले असतात. एक बोअर मारला की शेजारच्या शंभर मीटरचा अंदाज येतो. गोव्यात हा हिशेब चालत नाही, असं फोंड्याचा माझा मावसभाऊ गेली कित्येक वर्षं सांगत होता. पूल आणि बोगद्यांसाठी मारलेल्या बोअरचे कोअर, म्हणजे आतून काढलेले दगडाचे दांडे, वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मी त्याला दादा म्हणतो. स्टेशनाबाहेर गाडी घेऊन तोच उभा होता.

आधी भाजी-पाव. पेडण्याच्या बाजारातली पातळ भाजी, वर मिरचीचं भजं आणि पाव म्हणून उंडो. चहा गोड, फार गोड. मेअखेरची हवा सकाळी साडेनऊलाच अंगाला चिकटत होती. दादा म्हणाला, "आज-उद्यात वळीव पडेल. पडला तर तुझं नशीब, पाणी कुठून येतं ते दिसेल."

कोकण रेल्वेचं काम १९९०च्या सुमारास सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग देशाला मिळाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तो बेसाल्टमध्ये आहे. पेडण्याचा त्याच्या पाव हिस्साही नाही, पण शेवटपर्यंत अडून राहिलेल्या कामांत हा होता. खोदत जावं तसा वरून चिखल खाली यायचा. कामगार दगावले. बरं, बोगदा झाला म्हणून विषय संपला असंही नाही. ६ ऑगस्ट २०२०ला त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या वळवाव्या लागल्या. जुलै २०२४मध्ये आत पाणी आणि चिखल शिरला, पुन्हा गाड्या थांबल्या.

"पण वर तर कातळ आहे," मी म्हणालो. स्टेशनापासून मालप्याकडे येताना दोन्ही बाजूंना जांभ्याचा सडाच, म्हणजे उघडा कातळी माळच, दिसत होता. काळपट, खरबरीत, त्यावर गाडी उभी केली तरी ढिम्म हलणार नाही असा.

दादानं उत्तर दिलं नाही. गाडी एका चिरेखाणीकडे वळवली.

खाणीत यंत्राचं गोल पातं जमिनीत उभ्या खाचा पाडत चाललं होतं. मग आडवा छेद, मग एक माणूस पहारीनं चिरा अलगद उचकटून बाजूला काढतो. ताजा चिरा ओला असतो, मेणासारखा तासता येतो. उन्हात पडला की कडक होतो, म्हणून काढल्या काढल्या भिंतीत लावत नाहीत. इथवर मला माहीत होतं. दादा मला खाणीच्या तळाशी घेऊन गेला. तिथे जांभा संपला होता. खाली पिवळट-पांढरी, मध्येच जांभळे डाग असलेली माती. इथे तिला शेडी म्हणतात. दादानं त्या उभ्या भिंतीत अंगठा दाबला. नखासकट ठसा उमटला. त्या ठशाच्या वर, हातभर अंतरावर, जांभ्याच्या तळाशी पाण्याची बारीक रेघ ओघळत होती. मे महिन्यात!

हेच पेडणं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं असा पाऊस खडकातून झिरपला की सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात आणि वर टणक कवच बांधलं जातं. पण धुतला गेलेला खडक कवचाखाली तसाच असतो, भुसभुशीत. जांभा सच्छिद्र असल्यानं पाणी त्यातून सरळ खाली जातं आणि शेडीवर येऊन अडतं. बोगदा नेमका या थरातून गेला की वरचा सडा कितीही टणक असला तरी त्याचा उपयोग नाही. कातळ दिसला म्हणून पाया भक्कम, असं गोव्यात घर बांधणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि निम्म्या वेळा तो जांभ्याच्या पापुद्र्यावर उभा असतो.

मालपे बायपासला डोंगर कापलेला आहे. २०२४च्या पावसाळ्यात तिथली संरक्षक भिंत कोसळली होती. आता काम चालू होतं, त्यामुळे जवळ जाऊ दिलं नाही, लांबूनच बघितलं. वर लाल, खाली पिवळं, आणि दोन्हींच्या सीमेवर हिरव्या गवताची एक पट्टी. एवढ्या उन्हाळ्यात गवत हिरवं राहिलंय म्हणजे तिथे ओल आहे. भिंत बांधणाऱ्यानं आधी ती पट्टी बघावी आणि मग पाणी बाहेर काढायची भोकं कुठे ठेवायची ते ठरवावं.

जाणाऱ्यांसाठी: चिरेखाणीत विचारल्याशिवाय उतरू नका, आणि विचारून उतरलात तरी कडेच्या खाली उभं राहू नका. जेवायला पेडण्यात कुठल्याही साध्या खानावळीत थाळी घ्या. हुमण, किसमूर, तळलेला बांगडा, सोलकढी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मासे खायचे असतील तर मेमध्येच खाऊन घ्या.

शनिवार – वागातोर, जुनें गोंय, फोंडा

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून वागातोरला सकाळी लवकर गेलो. आदल्या रात्रीचे काही जण अजून वाळूतच झोपलेले. ओहोटीला किल्ल्याच्या बाजूचे खडक उघडे पडतात. हा खडक जांभा नाही. ग्रेवॅक आणि आर्जिलाइट, म्हणजे एकेकाळी समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू आणि चिखल. अडीच अब्ज वर्षांहून जुना. आमचा दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, याच्यापुढे कालचं पोर.

आडवा साचलेला हा गाळ नंतर दाबला गेला, वळ्या पडल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आता थर कपाटात कलून उभ्या असलेल्या वह्यांसारखे दिसतात. बहुतेक ठिकाणी त्यांची दिशा वायव्य-आग्नेय. मधूनमधून पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरा, काही सरळ, काही नागमोडी. दादानं कंपास काढला, एका थरावर टेकवला, आकडा वाचला. दहा पावलांवर दुसरा. आकडा वेगळा. आणखी थोडं पुढे थर चक्क उलट बाजूला कलला होता. मधल्या जागेत लाटांनी एक घळ कोरलेली. वळीचा माथा. दगड वाकतो तेव्हा माथ्यावर ताण येतो, भेगा उघडतात, समुद्र तिथेच घुसतो. बांधकामातही पाणी तिथूनच येतं. माथ्याऐवजी वळीच्या खोलगटातून बोगदा नेला तर भेगा कमी दिसतील, पण दोन्ही अंगांचं पाणी त्याच खोलगटाकडे उतरतं आणि दाबानं येतं. थोडक्यात सुटका नाही, फक्त कुठला त्रास परवडतो ते निवडायचं.

मी ही दहा पावलं परत परत मोजत राहिलो. घाटमाथ्यावर एवढ्या अंतरात आम्ही बोअरची जागासुद्धा बदलत नाही.

येताना जुन्या गोव्यात थांबलो. बॉम जेझूच्या दारात गर्दी, गाइड लोकांचा गलका. या चर्चच्या भिंती जांभ्याच्या. मुळात त्यांवर चुन्याचा गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून जांभा उघडा पडून पावसात झिजतोय. लोकांना तो लालसर उघडा दगडच मूळ वाटतो. दर्शनी बाजूचं कोरीव काम मात्र बेसाल्टचं, वसईहून आणलेल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला कळत होतं की जांभ्यावर नाजूक नक्षी टिकत नाही आणि त्याला अंगावर चुना हवाच. आजकाल जांभ्याचे नवे बंगले "नैसर्गिक लुक" म्हणून उघडे ठेवतात. ठेवा.

मांडवी, जुवारी या नद्यांच्या मुखांशी तर आणखीच मजा. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या, नंतर समुद्र वर आला आणि त्या दऱ्या चिखलानं भरल्या. म्हणून पुलाचा एक खांब थोड्याच खोलीवर कातळावर बसतो आणि शेजारच्यासाठी पाइल, म्हणजे पायाचा जमिनीत उतरवलेला खांब, कितीतरी खोल न्यावी लागते. पणजी-रायबंदर मधला १६३०च्या दशकातला पोंत द लिन्हारेस बघा, तीनेक किलोमीटरचा तो जुना रस्ता चिखलावरच टाकलेला आहे आणि अजून वाहतूक सोसतोय.

संध्याकाळी फोंड्याला दादाच्या घरी. वहिनींनी फणसाचे गरे आणि मानकुराद आंबे पुढे ठेवले. "आधी खा, मग तुमचे दगड," असं बजावलंही. खाऊन झाल्यावर दादानं पडवीतल्या कपाटाखालून एक लाकडी कोअर बॉक्स ओढला. आत धूळ बसलेले दगडाचे दांडे, खडूनं खोली लिहिलेले.

"मोज," म्हणाला.

दीड मीटरच्या एका टप्प्यातले तुकडे. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तेवढेच धरायचे. ३१, २४, १७, १२. बाकीचा चुरा सोडून द्यायचा. बेरीज ८४. १५० पैकी ८४ म्हणजे ५६ टक्के. हाच आरक्यूडी, खडक किती अखंड आहे याचा झटपट आकडा. ५० ते ७५ म्हणजे मध्यम. टेंडरात हा आकडा असतो आणि तो बघून दर भरले जातात.

मग त्यानं खालचा दुसरा बॉक्स काढला. तीच जागा, बोअर वेगळा. इथे लांबच लांब दांडे, जवळजवळ अखंड. आरक्यूडी ९०च्या वर. "सांग, दगड कुठला चांगला?"

दोन्ही एकच होते. दुसरा बोअर सरळ उभा मारलेला. थरही जवळपास उभेच. त्यामुळे बोअर दोन भेगांच्या मधून भेगांना समांतर खाली गेला, त्याला भेगा भेटल्याच नाहीत. पहिला तिरका मारला होता, त्यानं सगळ्या भेगा कापल्या. आडव्या थरांत उभा बोअर खरं सांगतो, उभ्या थरांत तोच बोअर गोड बोलून फसवतो. मी बराच वेळ त्या दोन बॉक्सांकडे बघत बसलो. तिरका बोअर महाग पडतो, रिगवाले कुरकुरतात, म्हणून कंत्राटात शक्यतो नसतो. गोव्यासारख्या ठिकाणी तो नसणं हा माझ्या मते सरळसरळ निष्काळजीपणा आहे. पुढे बोगदा खोदताना सापडलेल्या भेगा "अनपेक्षित" म्हणून बिलात लागतात तेव्हा पैसे दामदुपटीनं जातातच.

बोगद्याचंही तसंच. थरांना काटकोनात गेला तर प्रत्येक थर वरच्या छताला आपला थोडा हात देतो. थरांच्या दिशेनेच नेला तर एकच कच्चा पट्टा शेकडो मीटर डोक्यावर राहतो. पण रेल्वेला किनाऱ्यालगत उत्तर-दक्षिण जायचं असतं आणि थर वायव्य-आग्नेय पसरलेले. कोन तिरका पडणारच.

रविवार – रिवण, साळावली, कुर्डी

सांग्याकडे जाताना बंद खाणींचे खड्डे लागतात, हिरव्या पाण्यानं भरलेले. २०१२मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं, नंतर सुरू होत-थांबत राहिलं. लोहखनिज निघालं ते वळ्यांमध्ये अडकलेल्या पट्ट्यांतून, आणि त्याच्या शेजारचा फिलाइट, म्हणजे पापुद्र्यांचा दगड, कुजून माती झालेला. त्यामुळे खड्ड्याची एक बाजू ताठ उभी आणि समोरची पायऱ्या मोडून खाली बसलेली. जिथे थर खड्ड्याकडे कलतात ती बाजू बसते.

रिवणला जांभ्यात कोरलेल्या गुहा आहेत, थोडं पुढे कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाटीवर कोरलेली चित्रं. बैल, मोर, आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह. ऊन चढायच्या आधी गेलात तर तिरप्या उजेडात रेषा नीट दिसतात. बारा वाजता काहीच दिसत नाही, पाय मात्र भाजतात.

साळावलीचं धरण सुमारे ४३ मीटर उंच आणि किलोमीटरभर लांब, बरंचसं मातीचं. बदकाच्या चोचीसारखा गोल सांडवा प्रसिद्ध आहे, पण तो पावसाळ्यात ओसंडतो. मेमध्ये नुसतं काँक्रीटचं कोरडं तोंड. शेजारी कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ आहे. जांभ्याच्या प्रचंड चिऱ्यांचं, बुडीत क्षेत्रातून एकेक दगड सोडवून इथे पुन्हा रचलेलं. चुना नाही, सिमेंट नाही, वजनावर बसलेलं. आत गार. मी अर्धा तास तिथून हललो नाही.

मग कुर्डी. धरणामुळे १९८०च्या दशकात हे गाव पाण्याखाली गेलं, तीन हजारांवर माणसं वाडें आणि वालकिणी इथे उठून गेली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. मेमध्ये सोमेश्वराच्या देवळात उत्सव, कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, फेस्त. जुनी कुटुंबं डबे बांधून येतात. आम्ही गेलो तेव्हाही दहा-पंधरा घरची माणसं आली होती. भेगाळलेल्या गाळातून चालत एक आजी आपल्या घराच्या जोत्यापाशी नातवंडांना घेऊन उभ्या. मला बघून विचारलं, "खंयचो रे तूं, पुता?" ठाण्याचा म्हटल्यावर त्यांनी मराठीत सुरू केलं. ही ओसरी, हे तुळशीवृंदावन, हा पायऱ्यांचा दगड सासऱ्यांनी डोंगरावरून बैलगाडीनं आणला. जोतं जागच्या जागी. वर्षाचे दहा-अकरा महिने पाण्यात राहून चिऱ्याच्या कडा गोल झाल्यात, पण रेषा हललेली नाही. खाली काय आहे, असं दादानं विचारलं. "काळो फातर," आजी म्हणाल्या. "विहीर खणताना सुरुंग लावावा लागला होता." त्यांनी डब्यातल्या तांदळाच्या सान्ना आणि खतखतें आम्हाला दिलंच, नको म्हणायची सोय नव्हती.

जेवल्यावर दादानं वाळल्या गाळात काठीनं धरण काढून दाखवलं. थर पाण्याच्या बाजूला कललेले असले तर उत्तम, पाण्याचा रेटा आणि धरणाचं वजन मिळून ते दाबूनच धरतात आणि पाझर फारसा पलीकडे पोचत नाही. उलट बाजूला कलले, त्यातही उतार बेताचा आणि मध्ये चिकणमातीचा पट्टा असला, तर पाणी त्या पट्ट्यात शिरून धरणाला पुढे घसरायला वाट करून देतं. म्हणून पायातले कच्चे पट्टे दात कोरल्यासारखे खरवडून काँक्रीटनं भरतात आणि धरणाच्या पोटाखाली ग्राउटचा, म्हणजे भेगांत दाबून भरलेल्या पातळ सिमेंटचा, पडदा सोडतात. एरवी हे मी वर्गात ऐकलंय, फळ्यावर बघितलंय. बुडालेल्या गावात, धरणाच्याच गाळावर काढलेली आकृती वेगळी वाटते.

कुर्डीला जाणाऱ्यांनी पाणी बरोबर न्यावं, सावली शून्य, दुकान शून्य. सकाळी दहाच्या आत. आणि कुणाच्या जोत्यावर चढून फोटो काढू नका, त्यांचं ते घर आहे.

सोमवार – करमल घाट, आगोंद

रात्री वळीव झाला. चांगला तासभर. सकाळी करमल घाट ओला होता आणि दादा खूश. रस्ता जिथे डोंगर कापून गेलाय तिथे दोन्ही बाजू एकाच उंचीच्या, एकाच दगडाच्या. तरी एका बाजूला गटारात ताज्या फरश्या पडलेल्या, दुसरी बाजू स्वच्छ. पापुद्र्यांचा दगड एका अंगाला डोंगरात कलतो, समोरच्या अंगाला रस्त्यावर. कापताना उतार थरांपेक्षा उभा ठेवला की थरांचं तोंड हवेत उघडं पडतं, खाली आधार उरत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच उतार द्यायचा हा नकाशावरचा सोपा हिशेब. घाटात गाडी चालवताना बघत जा, दगड कुठल्या बाजूला पडलेत ते. दोन वळणांत सवय लागते.

याच टापूत कोकण रेल्वेचा बार्सेचा बोगदा आहे, सव्वातीन किलोमीटरहून लांब. पेडण्याच्या दुप्पट, पण त्याचं नाव बातम्यांत सहसा येत नाही.

काणकोणात दगड बदलतो. ग्रॅनाइट. पाळोळें-आगोंदच्या किनाऱ्यावर गोल गोल महाकाय धोंडे दिसतात ते त्याचेच. ग्रॅनाइट भेगांमधून कुजत जातो, कोपरे आधी झिजतात, आतला गाभा गोटा होऊन उरतो आणि भोवती मुरमाड माती. त्यातून काळ्या डोलेराइटच्या भिंती उभ्या घुसलेल्या आहेत, पाळोळ्याच्या खडकांत त्या स्पष्ट दिसतात. या भिंती स्वतः कणखर, खडीला उत्तम, पण दोन्ही कडांना ग्रॅनाइट तडकलेला. भूजल तिथे अडतं, म्हणून एका बाजूला विहीर भरलेली आणि पलीकडे खडखडाट.

आगोंदला आम्ही जिथे जेवलो त्या होमस्टेच्या मालकाचं मागे दुसरं बांधकाम चाललं होतं. दादा कोण ते कळल्यावर ताटावरून उठवून घेऊन गेला. दोन बोअर झाले होते. एकाला साडेचार मीटरवर दगड, दुसऱ्याला नऊवर. दोन्हींकडे दगड लागल्या लागल्या रिग थांबवलेली. दादानं विचारलं, दगडात किती आत गेलात? अर्धा मीटर. "मग तो कातळ आहे की माझ्या गाडीएवढा गोटा, हे कुणाला माहीत?" त्यानं समोरच्या किनाऱ्याकडे हात केला. तिथे तसले पन्नास तरी होते. किमान तीन मीटर अखंड दगडात जा, शंका असेल तर पाच, आणि दोन बोअरना काही अर्थ नाही, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एक मारा.

मालक म्हणाला, कंत्राटदार म्हणतो गरज नाही, पाऊस आठवड्यावर आलाय. दादा म्हणाला, कंत्राटदार इथे राहणार आहे का? मग सुंगटांची आमटी गार होईल म्हणून आम्ही परत आत आलो. आम्ही निघायच्या वेळी मालक अंगणात रिगवाल्याला फोन लावत होता. भाव ऐकून त्यानं एकदा फोन ठेवला. मग परत लावला.